बेबाबाईची बिनकामाची सायकल

अमळनेरच्या एका तेलाच्या मिलमध्ये डब्यांना झाकणं बसवणारी बेबाबाई एकेचाळीस वर्षांची विधवा होती. पोरी सासरी नांदत होत्या. १९७१ च्या दिवाळीनंतर तिने तोतारामच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानातून एक जुनी विलायती सायकल घेतली. कुणी इंजिनियर बदली होऊन जाताना ती विकून गेला होता आणि चार वर्षं ती भिंतीला टांगलेलीच होती. बारीक टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, मागे तीन गिअर.

तोतारामनेच तिला अडवलं. "अक्का, हिले कॅरिअर बसत नही. काय कामनी ही तुले?"

"कामनी नही, म्हनीसनच लेस," म्हणत तिने पैसे पुढे केले.

लहानपणी माहेरी ती भावाच्या सायकलवर दांडीखालून पाय घालून कैची मारायला शिकली होती. लग्नानंतर सगळं सुटलं. आता नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला की दांडीची अडचण उरत नव्हती. सुटीच्या सकाळी ती धुळे रस्त्याने निघायची, बाभळीखाली बसून शेंगा खायची आणि परत यायची. हातात पिशवी नाही, कुणाचा निरोप नाही. पडलीही दोनदा.

लोकांना खुपलं ते हेच. तिच्या दिराने, झुलालने, भाऊबंद बोलावले. त्यात वडीलधारे जीवराम आबा होते. त्यांनी आपल्या परीने मार्ग काढला. "बेबा, मिलमा जावाले वापर. मंग कोनी काही म्हनाव नही."

"मिल दहा मिनिटना रस्ता शे, आबा. पायी जास, तशीच जासू. सायकल सुटीनी शे."

"लोके इचारतस, तुनी वहिनी कोठे चालनी म्हनीसन!" झुलाल ओरडला.

"मंग सांग ना, कोठेच नही."

पुढच्या सुटीला बघते तर सायकलची सीट गायब. झुलाल समोरच्या ओट्यावर दात कोरत उभा होता. बेबाबाईने सायकल रस्त्यावर काढली. काष्टा खोचला, पायडलवर उभी राहिली आणि तशीच भर बाजारातून निघाली. कुणीतरी शिटी मारली. झुलालचे दोस्त बसायचे त्या हॉटेलावरून ती मुद्दाम दोनदा गेली, हळूहळू. बोरी नदीच्या पुलावर उतरली तेव्हा मांड्या लटलट कापत होत्या आणि डोळ्यांत रागाचं पाणी होतं. येतानाही उभ्यानेच आली.

तोताराम दुकानाबाहेर तिची वाटच बघत होता. त्याने एका दूधवाल्याच्या मोडक्या सायकलची रुंद सीट तिला बसवून दिली. दिसायला ती अगदीच विचित्र होती.

भाऊबंदांनी मग तिला लग्नकार्यात बोलावणं बंद केलं. झुलालने बोलणं टाकलं, तिनेही आपणहून बोलणं काढलं नाही. घरात एकटीने जेवताना तिला ते कधीकधी लागायचं. पण फाल्गुनात पारोळ्याला भाऊबंदांतलं मोठं लग्न निघालं, त्या दिवशी ती पहाटे उठली आणि थेट धुळ्याला गेली. पांझरेच्या काठी गरम भजी खाल्ली, लिंबाखाली तासभर झोपली आणि उन्हं कलल्यावर परत फिरली.

लग्नाहून एसटीने परतणाऱ्या जीवराम आबांनी तिला गावाबाहेरच्या रस्त्यावर पाहिलं, धुळीने पांढरी झालेली. दुसऱ्या दिवशी ते तिच्या दारात येऊन बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग हळूच म्हणाले, "धुळाले जाताना चढ लागस का व माय?"

"लागस ना. पन गिअर शे."