तांब्याची कळशी आणि पांढरी पट्टी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पालिकेचं पाणी पुरेनासं झालं की बोअरवेलचं पाणी टाकीत सोडतात. मागच्याच गल्लीत धातूला मुलामा चढवणारे कारखाने. तळमजल्यावरच्या वहिनी याच नळाच्या पाण्यात तान्हीचं दूध कालवायच्या. पाण्याच्या शुद्धतेवर पत्रकं वाटत फिरणारी मी. म्हणून त्यांनी मला गाठलं. "बाळाला देऊ ना गं हे?"

माझ्याकडे कागदी पट्ट्या होत्या. पट्टीवर एन्झाइम वाळवलेलं असतं. पाणी चांगलं असेल तर पट्टी निळी होते; शिशासारखा जड धातू असेल तर एन्झाइम बंद पडतं आणि पट्टी पांढरीच राहते. शेंबड्या पोरालाही कळेल. सोसायटीच्या अध्यक्षांना कळलं नाही.

तपासणी म्हणजे पाण्याचा मान ठेवायला हवा, नाही का! म्हणून अध्यक्षकाकांनी आदल्या रात्रीच तांब्याच्या कळशीत पाणी भरून ठेवलं, वर तुळशीची पानं. सकाळी सगळ्या समितीसमोर पट्टी बुडवली. पांढरी.

"बघा! दुधासारखी शुभ्र!" काका म्हणाले. टाळ्यासुद्धा झाल्या.

"काका, पांढरी म्हणजे धातू आहे. पण रात्रभर तांब्यात ठेवलंत, तर तांबंच उतरणार ना त्यात!"

"म्हणजे तुझा कागदच बोगस. विषय संपला. उगाच फ्लॅटचे भाव पाडू नकोस."

वहिनी आत गेल्या आणि बाळाच्या धुतलेल्या बाटलीत थेट नळाचं पाणी भरून आल्या. पट्टी पांढरी. मग गेटजवळच्या पालिकेच्या नळाचं आणलं. पट्टी निळीशार.

"प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत पाणी शुद्धच," असं जाहीर करून काका चहाला गेले. अहवाल मागवणार कोण, ते नाही सांगितलं.

दोन दिवसांनी लिफ्टपाशी पाण्याचे जार पोचवणारा पोरगा उभा, खांद्यावर एक जार. वहिनी गेटच्या नळावरून बादली आणत होत्या, कडेवर बाळ.

"कुणाकडे रे?" वहिनींनी विचारलं.

"अध्यक्षसाहेबांकडे. कालपासून लावलाय."

"इथे ठेव. माझ्या ओट्यावर."

जार आला नाही म्हणून काका बनियनवरच खाली उतरले. "अहो, तो माझा जार!"

"तुमचं पाणी शुद्ध आहे ना काका?" वहिनी म्हणाल्या. "मग प्या की. कळशी आहेच तुमच्याकडे."

काका आल्या पावली वर गेले. बोअरवेलचा पंप संध्याकाळी बंद झाला. "देखभालीसाठी," असं फळ्यावर लिहिलं होतं. लाज नावाची चीज असते, ती मात्र कुठल्याच पट्टीवर उमटत नाही.