रायनाचा शेवटचा कप

रायना आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, मी दुसऱ्यावर. तिचा नवरा मेतोदी आमच्या या सोफिया शहरात ट्राम चालवायचा. अख्ख्या शहराला त्यानं जन्मभर फिरवलं, पण बायकोला शिलाईचा कारखाना आणि घर यापलीकडं काही दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. "पेन्शन लागू दे, एक पूर्ण दिवस तुला ट्रामनं हिंडवतो," असं तो म्हणायचा. पेन्शन लागली तेव्हा गडी म्हणाला, "जन्मभर ट्राममध्येच बसलो की! आता जरा खुर्चीत बसू दे." त्या खुर्चीतच तो गेला. मूलबाळ नाही.

परवाच्या शनिवारी त्याला जाऊन वर्ष झालं. आमच्यात त्या दिवशी गहू शिजवतात, साखर आणि अक्रोड घालून कबरीपाशी वाटतात. खाणाऱ्यानं आभार मानायचे नसतात, 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं असतं. आणि रायनाची आई सांगायची, वाटायला नेलेले गहू घरी परत आणू नयेत.

रायनानं पिशवी गच्च भरेल एवढे गव्हाचे कागदी कप भरले. माझा कप मी सकाळी दारातच खाल्ला, कारण माझे गुडघे मला कोपऱ्यापर्यंतही नेत नाहीत. "डेपोतले येतील," ती म्हणाली. डेपोतले निम्मे लोक त्याच दफनभूमीत आडवे झालेत, हे तिलाही ठाऊक होतं. 

कबरीपाशी पाद्री आला आणि ती. पाद्रीबुवांनी घाईघाईनं प्रार्थना उरकली, एक कप संपवला आणि ते पुढच्या कबरीकडे गेले. रायना वाट बघत बसली. दुसरं कुणी आलं नाही. मग ती जड पिशवी घेऊन ती ट्रामच्या थांब्यावर आली आणि तिनं दिवसभराचं तिकीट काढलं. मेतोदीनं दाखवायचं शहर आता तीच बघणार होती, आणि गहूही वाटणार होती.

"भीक मागतेय असं वाटलं असेल लोकांना," संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून ती सांगत होती.

"तू भीक मागत नव्हतीस, देत होतीस."

"देणाऱ्याकडेच जास्त संशयानं बघतात गं."

सिंहांच्या पुलाजवळ चढलेल्या दोन बायकांनी कप घेतले, क्षमा करो म्हणाल्या आणि बटाट्याच्या भावाचं बोलणं पुढं चालू केलं. सेर्दिका स्टेशनात मेट्रो खणताना जुनी रोमन गल्ली उघडी पडलीय, तिथं एक पोरगी बसली होती. "आजी, साखर आहे का यात? मग नको, माझं डाएट चालू आहे." शेजारी पाठीवर पोत्याएवढी सॅक लावलेला परदेशी पाहुणा होता. त्यानं मान आडवी हलवली. आमच्यात मान आडवी हलवली की त्याचा अर्थ 'हो'. रायनानं कप त्याच्या हातात कोंबला. तो आणखी जोरात हलवू लागला, तेव्हा तिनं दुसराही दिला. बिचाऱ्यानं दोन्ही संपवले.

एवढं सांगताना ती हसली. मग हसू गेलं.

जुन्या हमामखान्याबाहेर गरम पाण्याच्या नळांवर म्हातारी मंडळी बाटल्या भरायला येतात. तिथं पिशवी भराभर रिकामी झाली. सगळ्यांनी मनापासून म्हटलं, देव क्षमा करो.

"पण वेल्के, कुणाला, हे एकानंही विचारलं नाही. मेतोदी हे नाव दिवसभर माझ्या तोंडातच राहिलं."

दुपारी कोर्टामागून ती पाच नंबरच्या ट्राममध्ये बसली, ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर. ती ट्राम झाडीतून जाते, समोर विटोशा डोंगर. शहर सुंदर होतं म्हणाली, इतकं सुंदर की रडू आलं, कारण बघ बघ म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. मला तिची दया आली आणि मेतोदीचा रागही. एक दिवस काय जड होता त्याला?

क्न्याझेवोला ट्राम रिकामी झाली. "मावशी, शेवटचा थांबा," ड्रायव्हर पोरगी म्हणाली. पिशवीत एकच कप उरला होता. रायनानं तो पुढं करेपर्यंत पोरगी उतरून निघून गेली. घरी तर न्यायचा नाही.

"मग?"

"मग मीच खाल्ला."

"आणि म्हणालीस ना?"

"म्हणाले. देव रायनाला क्षमा करो."

मी हातातला चमचा टेबलावर आपटला. "डोकं फिरलंय का तुझं? जित्या माणसाचं असं म्हणतात?"

"मग माझ्यामागं कोण म्हणणार? मेतोदीला निदान मी तरी होते."

 माझा मुलगा आहे, पण कॅनडात, सणाला फोन करतो. मी म्हणाले, "मी म्हणेन की."

"तुला गहू शिजवता येतात?"

"नाही. आमच्याकडे सासूच करायची."

"बघ!"

"आणि मीच आधी गेले तर?"

"तर मी करीन तुझे. मला येतात." तिनं माझ्या फडताळातली पातेली खालीवर केली आणि एक जाड बुडाचं काढून माझ्यापुढं ठेवलं. "हे चालेल. गहू आदल्या रात्री भिजत घालायचे. शिजले की फडक्यावर पसरून चांगले कोरडे करायचे. साखर अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. लक्ष दे, वेल्के, मी तेव्हा सांगायला नसेन."