मारोतीमामांचा आवाज

कंधारच्या स्टँडवर अप्पांनी माझी बॅग एसटीत चढवून दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. "लग्नाचं शूटिंग करणारैस, का नेमकं काय?" त्यांनी चौथ्यांदा विचारलं. "सिनेमाच्या कॅमेऱ्याचं काम हाय, अप्पा," मी म्हणाले. त्यांना ते पटलं नाही. गाडी हलली तरी ते तोंड वर करून काहीतरी विचारतच होते.

अप्पा, त्याला आता सहा वर्षं झाली, आणि माझं काम तुम्हाला अजून नीट सांगता आलेलं नाही. संत तुकाराम नगरात दोघींबरोबर एका खोलीत राहते. पिंपरीत सिनेमाचे कॅमेरे भाड्याने देणारं ऑफिस आहे, तिथे नोकरी. सिनेमे कमीच, चाकणच्या कंपन्यांच्या फिल्म जास्त. कॅमेरा मी चालवत नाही, डेटा सांभाळते. कॅमेऱ्यातलं कार्ड काही मिनिटांत भरतं. ते काढायचं, दोन ड्राइव्हवर कॉपी करायचं, तपासायचं आणि पुसून परत द्यायचं. माझ्यानंतर त्या कार्डावर काही उरत नाही.

गेल्या वर्षी चाकणच्या एका कंपनीत जुन्या कामगारांच्या मुलाखती होत्या. कॅमेरामन रंग आणि फोकस लावत होता, तोवर समोरच्या माणसाला बोलतं ठेवायला मला बसवलं. पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमधले मारोतीमामा, टोपी मांडीवर घेऊन अवघडून बसले होते.

"कुठली गं माय तू?"

"कंधारची."

"आँ? आमचं मुखेड शेजारीच की! मग लेकच झालीस."

आणि मामा सुटले. भोसरीत नवे आले तेव्हा एका ऑफिसात पहिल्यांदा लिफ्ट पाहिली. स्वच्छ खोली दिसली म्हणून चपला बाहेर काढून आत गेले. "वर गेलो, खाली आलो, तं चपला गायब! अनवाणी आलो खोलीवर." लाइटवाले पोटभर हसले. पडद्यावर मामांच्या पापणीचा केस न् केस दिसत होता, आवाज तर कानाशी बोलल्यासारखा. कॅमेरा तेव्हा टेस्टसाठी चालूच होता.

मग खरी मुलाखत सुरू झाली. डायरेक्टर म्हणाले, "मामा, जरा शुद्ध बोला." मामा मान डोलावून सरसावून बसले. पाच टेक झाले, पण एक वाक्य धड आलं नाही. शेवटी फिल्ममध्ये त्यांचे फक्त हात घेतले आणि वर दुसऱ्याचा आवाज टाकला. "टेस्ट ठेवू नकोस, जागा खाते," असं मला सांगितलं. मी कार्ड पुसलं. क्षणभर हात थांबला होता, पण पुसलं.

चार महिन्यांनी मामांच्या बायको, सुनंदामामी, पत्ता शोधत आमच्या ऑफिसात आल्या. मामांना लकवा मारला होता. हात हळूहळू हलायला लागला होता, वाचा मात्र परत आली नव्हती.

"तुमच्या मोठ्या कॅमेऱ्यात ह्यांचं बोलणं हाय म्हणं. तेवढं द्या की माय. मोबाइलात नुस्तं हॅलो हॅलो हाय. नातीला ऐकवायचंय."

मी फिल्म बनवणाऱ्यांना फोन केले. टाकून दिलेले टेकही त्यांनी काढून टाकले होते. ते कार्ड त्यानंतर कितीतरी शूटिंगना वापरलं गेलं होतं. सगळं मामींना समजावून सांगितलं.

"कोण पुसलं?" त्यांनी विचारलं.

"मीच."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुला काय ठावं, लेकी," म्हणाल्या आणि भोसरीची बस विचारून गेल्या.

आता रविवारी मी त्यांच्या खोलीवर जाते. पहिल्याच दिवशी मामी म्हणाल्या, "ह्यांच्याशी आपल्यावानी बोल. बरं वाटंल त्यांना." मी बोलायला लागले. कंधारचा किल्ला, तळं, बाजार सांगितला. शब्द आपलेच होते, पण हेल निघेना. इतकी वर्षं सेटवर कुणी हसू नये म्हणून घासूनपुसून बोलले, ते जिभेवरून जाईना. मामा माझ्या ओठांकडे बघत राहिले, मग भिंतीकडे वळले.

अप्पा, गाव कुठलं म्हणून कुणी विचारलं, तर मी अजून कंधारच सांगते. पण घर आता भोसरीच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत आहे, भाजी निवडता निवडता मामी आपल्यावानी बोलत असतात तेवढा वेळ. त्या बोलतात. मामा आणि मी नुसते ऐकतो.