लवू मांडवकराचा अंदाज आणि न गेलेली म्हातारी माणसं

आमच्या वाडीत वैशाख लागला की म्हाताऱ्या माणसांच्या अंगात एकाएकी जोर येई. एरवी ओटीवर पडून तांब्याभर पाण्यासाठी नातसुनेला हाका मारणारा म्हातारा सकाळीच उठून कुऱ्हाड शोधू लागे. तोंडात एकही दात नसलेली म्हातारी कैरीच्या फोडीला मीठ लावून अंगणात बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा बेताने चघळे. कारण वैशाखात लवू मांडवकर घरोघर फिरायला निघे.

लवू वैद्य नव्हे की भगत नव्हे. भातशेतीचे चार कुणगे, एक बैलजोडी, एवढाच त्याचा संसार. पण वाडीचं एक काम पिढीजात त्याच्या घरी होतं. पावसाळ्यात जी माणसं जातील त्यांच्या सरणाची लाकडं उन्हाळ्यातच तोडून घ्यायची, सुकवायची आणि स्मशानाजवळच्या खोपीत रचून ठेवायची. आम्ही संगमेश्वराच्या बाजूची माणसं. आमच्याकडे मृगापासून दसऱ्यापर्यंत सुकं लाकूड म्हणजे दुर्मीळ वस्तू. ओल्या लाकडावर माणूस जाळायचा म्हटलं तर मेलेल्याचे हाल होतात आणि जाळणाऱ्यांचे त्याहून जास्त.

आता लाकडं किती रचायची, यातच सगळी मेख. कमी पडली तर मढं ओटीवर ठेवून माणसं भर पावसात रान धुंडणार. जास्त झाली तर कुजणार, कारण सरणासाठी काढलेलं लाकूड चुलीत घालायचं नाही हा वाडीचा दंडक. शेजारच्या आजोबांसाठी ठेवलेल्या ओंडक्यावर भात शिजवला, तर तो घशाखाली उतरेल का कोणाच्या? म्हणून जे उरे ते वाळवीला जाई, आणि पुढच्या वर्षी बाया पुन्हा नव्याने ओझी वाहत.

या कामाच्या बदल्यात लवूच्या घराला मान होता. शिमग्यात देवीची पालखी वाडीत आली की पहिला खांदा लवूचा. त्या दिवशी तो डोक्याला गुलाबी पागोटं बांधून असा चाले की पालखीत देवी आहे की लवू, असा नवख्याला प्रश्न पडावा.

त्याची अंदाजाची रीत ऐकण्यासारखी होती. तरणी माणसं कोण जातील ते देवाला ठाऊक, म्हणून तो साठीच्या पुढचे तेवढे धरी. ओटीवर बसून सुपारी मागे. म्हातारा उठताना गुडघ्यावर हात टेकतो की खांबाला धरतो, हे बघे. जुन्या गोष्टी काढी. बोलता बोलता म्हातारा मेलेल्या भावाला हाक मारू लागला की लवू मनात एक धरून उठे. नाव मात्र कोणाचं घ्यायचं नाही. नाव घेतलं की माणूस जातं, अशी समजूत. गावकीसमोर फक्त आकडा सांगायचा.

सोनूबाई म्हणून एक म्हातारी होती, सत्तरीच्या पलीकडची. ती त्याला अंगणातच केरसुणी दाखवी.

"आलास मेल्या? बघ, नीट बघून घे. सुईत दोरा ओवून दाखवू?"

"तसं नाय गो आत्ये, सहज आलो होतो."

"सहज येतोस तर पावसात ये की! वैशाखात कशाला कडमडतोस?"

तिला त्याने पाच-सहा वर्षं लागोपाठ धरली होती. म्हातारी तेवढेच पावसाळे लागोपाठ काढून बसली होती.

आणि लवूचं दुखणं तेच होतं. ही विद्या तो शिकला अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत आणि तिच्या आगेमागे. त्या वर्षांत माणसं अशी जात होती की कितीही लाकडं रचा, कमीच. बापाने त्याला शिकवलं, "खोकला ऐकलास की एक धर." पण साथ गेली ती कच्चे होते ते सगळे झाडून घेऊन गेली. मागे उरले ते किंजळाच्या चिवट खुंटासारखे. खोकत, कण्हत, सुनांना शिव्या देत जगतच राहिले. लवू आपला बापाच्या हिशेबाने नऊ धरी आणि जात तीन. पुढच्या वर्षी आठ धरी, जात दोघं. वाळवी मात्र बाळसं धरू लागली.

सव्वीस सालच्या वैशाखात सहाणेवर, म्हणजे पालखी टेकते त्या छपराखालच्या चौथऱ्यावर, गावकी बसली. महिपत आमचा गावकर, वाडीचा प्रमुख, साठी ओलांडलेला, आवाज खणखणीत. त्याचा जावई घरातच राही, आणि त्या जावयाच्या खांद्यावर पालखी चढवायची महिपतला घाई झाली होती.

"लवू, बायांच्या माना मोडल्या ओझी वाहून," महिपत म्हणाला. "तू सांगतोस नऊ, जातात तीन. ही काय थट्टा हाय?"

"माझं काय चुकलं दादा? ते जात नायत त्याला मी काय करू?"

हे ऐकून पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी अपराधी माणसांसारख्या माना खाली घातल्या.

मुंबईहून आमच्या वाडीचा बाळा आला होता. तो फोर्टात एका विम्याच्या कचेरीत शिपाई. त्याला राहवेना. "आमच्या सायबाला माणूस बघावा लागत नाय. साठीच्या वरची शंभर माणसं घेतली की वर्षाला किती जातील ते त्याच्याजवळ लिहिलेलं असतं."

"शंभर?" लवू म्हणाला. "वाडीत सगळे मिळून बावीस. बाकीचे काय तुझ्या सायबाकडून मागवू?"

"मग त्या मानाने काढायचे. दीड की पावणेदोन येतील."

"पाऊण माणसाला लाकडं किती लागतात, ते पण विचारून ये."

सहाण हसली. महिपत हसला नाही. त्याने उभं राहून लवूच्या बापापासून सुरुवात केली आणि लवूच्या वाळवीपर्यंत आला. शेवटी म्हणाला, "यंदा आकडा जुळला नाय तर पालखीचा मान गेला म्हणून समज! बोल, किती?"

लवू मनात चार धरून आला होता. तो 'चार' म्हणणार, इतक्यात महिपतचा श्वास भाषणाला पुरला नाही. त्याला ठसका लागला, डोळे पांढरे झाले, आणि त्याने शेजारचा खांब दोन्ही हातांनी धरला. लवूने त्याच्याकडे बघितलं. नीट, सवयीने, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पाच," लवू म्हणाला.

 पाचवा कोण, ते खांबाला धरलेल्या माणसासकट सगळ्यांना कळलं.

पावसाळा लागला. आषाढात दोघं गेले, श्रावणात एक, गणपती विसर्जनानंतर एक. चारही जण लवूने मनात धरलेलेच, बरं का. लाकडं खडखडीत, कोणाची तक्रार नाही. उरला एक. आणि पितृपक्षात बातमी आली की महिपत हिवतापाने पडला.

वाडी विचारपूस करायला लोटली. पण विचारणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती तशी जरा उत्सुकताही होती. महिपत काय खुळा होता? गोधडीतून एक डोळा काढून बघे आणि ओरडे, "दसरा कधी हाय ते मला ठाऊक हाय! त्याच्या आत मी कुठे जात नाय!"

लवू रोज संध्याकाळी काढा घेऊन जाई. पहिल्या दिवशी महिपत तोंड फिरवून म्हणाला, "मोजायला आलास?"

"नाय हो दादा. काढेचिराईत आणलंय उकळून."

"आणि काय घातलंस त्यात?"

"थोडा गूळ."

"अर्धं तू पी. माझ्या समोर."

लवूने अर्धं प्यायलं, मग महिपतने. असा रोजचा क्रम झाला. लवूच्या बायकोचा, मालनचा जीव वर-खाली होई. "अहो, मान जाईल आपला," ती म्हणे. "निदान काढा तरी पातळ करा."

लवू म्हणे, "मी लाकडं रचतो गो, माणसं नाय घालवत." पण रात्री त्याला झोप नव्हती, हेही मालननेच पुढे सांगितलं. पागोटं त्याने दोनदा पेटीतून काढून पुन्हा आत ठेवलं होतं.

महिपत उठला. काढ्याने उठला की हट्टाने, ते तोच जाणे. दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि गावकी बसली. महिपत काठी टेकत आला. खंगला होता, पण आवाज शाबूत.

"लवू, किती सांगितले होतेस?"

"पाच."

"गेले किती?"

"चार."

"मग पाचवा कोण?"

 लवूने नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही. महिपत विजयाने चौफेर बघू लागला, तेवढ्यात बायांच्या बाजूने सोनूबाई कडाडली, "कोण काय विचारतोस? पाचवा तूच रे महिपता! तू मेला नायस म्हणून त्याचा मान काढतोस होय?"

आता महिपतची पंचाईत बघा. लवू चुकला म्हणावं, तर भर गावकीत कबूल करायचं की याने मला मढ्यात धरलं आणि मी ते ऐकून घेतलं. आणि ज्याने अर्धा काढा पिऊन आपल्याला उठवलं, त्याचा मान काढण्याचं कारण काय सांगायचं? मी जगलो, हे? महिपतने काठीने जमीन उकरली. मग त्याचा चेहरा उजळला.

"लवू चुकला नाय," तो म्हणाला. "मी गेलो होतो."

"आँ?" गावकी म्हणाली.

"तापाच्या तिसऱ्या दिवशी. पार दारापर्यंत. रेडा बांधलेला बघितला मी. आतून आवाज आला, हा गावकर हाय, याची वाडीला गरज हाय, परत पाठवा. म्हणून आलो. आकडा पाचच. मान लवूचाच."

गावकीने माना डोलावल्या. यमाच्या दारातून परत आलेला गावकर दुसऱ्या कुठल्या वाडीला होता? जावयाचं तोंड एवढंसं झालं. लवूने पुढे होऊन महिपतच्या पायाला हात लावला आणि वर उठताना डोळे पुसले.

सोनूबाई अजून बसली नव्हती.

"गेला होतास ना, महिपता?"

"गेलो होतो, आत्ये."

"मग बाराव्याचं जेवण राहिलं की रे!"

 कोजागिरीच्या आधी महिपतने अख्ख्या वाडीला वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं घातलं. पहिलं पान लवूचं मांडलं होतं. महिपत त्याच्या शेजारी बसला आणि स्वतःच्या बाराव्याचे सात वडे खाऊन उठला.