चिंधी बांधलेला क्यू

तिसरी ग्रिपही भोजराजभाऊंनी नाकारली, तेव्हा माझा पारा चढला.

नालवाडीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये पूल खेळायचं एक छोटं, जुनं टेबल आहे. नवा क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, गिऱ्हाईकानं आधी त्यावर खेळून बघायचा, मग घरी न्यायचा, असा माझा नियम. भोजराजभाऊंनी चार-पाच बॉल मारले. एकही पॉकेटमध्ये गेला नाही. त्यांनी क्यू हळूच टेबलावर आडवा ठेवला आणि उजवा हात पँटच्या खिशात घातला.

"ताई, नाई जमून राह्यलं."

"आता काय झालं?"

"तेच. हाताचा पत्ता लागत नाई."

हे वाक्य मी तिसऱ्यांदा ऐकत होते, आणि त्याचा अर्थ मला पहिल्याच दिवशी कळलाय अशी माझी खात्री होती.

मी टर्नर आहे. आयटीआय करून लेथवर उभी राहिले. लेथ म्हणजे लाकूड किंवा लोखंड गरागरा फिरवून त्याला आकार देणारं मशीन. आधी पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे करायचे. बाई लेथ चालवते हे बघायलाच अर्धे लोक यायचे. एकदा कुणीतरी वाकडा झालेला पूलचा क्यू घेऊन आलं. तो सरळ केला, आणि तिथून लाईनच बदलली. आता ऑर्डरप्रमाणे क्यू बनवते. ज्याच्या त्याच्या उंचीचा, वजनाचा, हाताचा.

पूलचा क्यू दोन तुकड्यांचा असतो. पुढचा बारीक तो शाफ्ट, मागचा जाड तो बट. मागचा हात बटवर जिथं धरतो तिथं साधारण वीतभर भागाला काहीतरी गुंडाळतात. त्याला आम्ही रॅप म्हणतो, गिऱ्हाईक ग्रिप म्हणतात. कुणाला रबर आवडतं, कुणाला लेदर, कुणाला लिननचा दोरा. काही जण नुसतं लाकूडच धरतात. क्यूमधली सगळ्यात सोपी गोष्ट ही, आणि गिऱ्हाईक सगळ्यात जास्त डोकं खातात तेही इथंच.

भोजराजभाऊ समुद्रपूरकडच्या एका जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात तो कारखाना. तिथं काम करताना त्यांना जबरदस्त शॉक बसला. जीव वाचला, पण उजव्या हाताचा तळवा आणि शेवटची तीन बोटं बधीर झाली. ताकद होती, बोटं मिटत होती, उघडत होती. फक्त काही लागलेलं कळत नव्हतं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं जागं होतं. डॉक्टर म्हणाले, संवेदना परत येईल तेव्हा येईल, सांगता येत नाही.

क्यूची ऑर्डर त्यांनी दिलीच नव्हती. दिली त्यांच्या बायकोनं, सुनंदाताईंनी. एकट्याच आल्या होत्या.

"हे दर रविवारी हिंगणघाटले खेळाले जात," त्या म्हणाल्या. "सलीमभाई आन् हे, दोघाईची जोडी. आता जातच नाई. हात खिशात घालून बसते घरी. जेवतानी चमचा पडला तं ताटावरून उठते. ताई, मले बाकी काई नको. यायनं हात खिशातून काढाले पाह्यजे, बस."

हिंगणघाटच्या त्या पूल पार्लरमध्ये दरवर्षी डबल्सचे सामने होतात. या वर्षी नाव द्यायचं की नाही, ते या क्यूवर ठरणार होतं. मला त्या बाईचं फार वाईट वाटलं. म्हणलं, याला आपल्या हातचा सगळ्यात चांगला क्यू द्यायचा.

आणि तसाच केला. शिसमचा बट, पुढं गोऱ्या मेपलचा शाफ्ट. वजनाचा तोल असा साधला की एका बोटावर आडवा राहील. प्रश्न फक्त ग्रिपचा होता.

"हाताचा पत्ता लागत नाई," असं ते म्हणाले तेव्हा मी समजले, पकड सुटते. बधीर हात आहे, क्यू निसटत असेल. आमच्याकडं ग्रिपची तक्रार घेऊन येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांचं तेच रडगाणं असतं. म्हणून आधी रबर चढवलं. हात रबराला चिकटून बसला आणि मारताना क्यू पिळला जायला लागला. मग लेदर लावलं, बारीक दाण्याचं. पीळ गेला, पण बॉल काही जाईना. मग मी माझ्या आवडीचं काम काढलं, लिननचं.

लिननचं काम म्हणजे टर्नरच्या हाताची परीक्षा. आधी लेथवर बटला दोऱ्याच्या जाडीइतकीच खाच पाडायची. त्यात गोंद लावून, लेथ अगदी हळू फिरवत दोरा गुंडाळायचा, वेढ्याला वेढा चिकटून. मग कडक गुळगुळीत दांडी दाबून दोरा चपटा करायचा. शेवटी वरून हात फिरवायचा. लाकूड कुठं संपलं आणि दोरा कुठं सुरू झाला, हे हाताला कळता कामा नये. कळलं तर काम फसलं. ते काम मला सुरेख जमतं. आपणच आपलं कौतुक करू नये, पण जमतं.

तोच रॅप त्या दिवशी त्यांनी नाकारला.

"मंग आता काय लावू, भाऊ?" माझा आवाज चढलाच.

ते म्हणाले, "चिंधी बांधून द्या ना एखादी. थेच बरी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडं एखाद्याच्या कामाला 'चिंधी' म्हणणं म्हणजे तोंडावर थुंकणं. चिंधी काम, चिंधी माल, चिंधी माणूस. नागपूरपासून इथवर पोरंसोरं हाच शब्द वापरतात. एवढा जीव ओतून केलेल्या रॅपला हा माणूस चिंधी म्हणतो?

"माह्या दुकानात चिंधी काम होत नाई," मी म्हणलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बरं, ताई," म्हणाले आणि बसस्टँडकडं निघून गेले. क्यू टेबलावरच राहिला.

संध्याकाळी सुनंदाताईंचा फोन.

"काई बोलणं झालं का ताई तुमचं? यायनं आल्या आल्या सलीमभाईले फोन केला. म्हणे, माह्यं नाव देऊ नको, दुसरा पार्टनर पाहून घेजो."

"मंग सलीमभाई काय म्हणले?"

"थे म्हणते, लास्ट डेटपर्यंत रुकतो."

मी म्हणलं, बघते. काय बघणार होते, ते माझं मलाच माहीत नव्हतं. राग उतरला होता आणि त्या जागी ती खिशात हात घालून निघालेली पाठ दिसत होती. एवढं वाईट वाटण्यासारखं तर तो बोलला नव्हता, आणि टाकून बोलणाऱ्यातला माणूसही नव्हता तो.

त्याच आठवड्यात मला माहेरी जायचं होतं, तळेगावला. माझा भाऊ प्रकाश तिथं शेती करतो. गेले तर तो शेतात डवरत होता. डवरा म्हणजे बैलांनी ओढायचं खुरपंच म्हणा. कपाशीच्या दोन ओळींतून जातं आणि तण कापतं. मागं एक उभा दांडा असतो, त्याला रुमणं म्हणतात. माणूस ते एका हातानं धरून बैलांमागं चालतो. जरा हात हलला की डवरा तणाऐवजी कपाशीचं झाड कापतो.

प्रकाश धुऱ्याशी, म्हणजे शेताच्या बांधाशी, येऊन थांबला, पाणी प्यायला. मी रुमण्याकडं बघत उभी राहिले. लहानपणापासून शंभरदा पाहिलेली गोष्ट. रुमण्याच्या वरच्या टोकाशी कापडाची एक चिंधी गुंडाळून गाठ मारलेली होती. बाबांच्या वेळेलाही होती. ती हाताला फोड येऊ नयेत म्हणून बांधतात, असं मी इतकी वर्षं समजत होते.

"हे चिंधी फोडासाठी ना रे?" मी विचारलं.

"फोड कायचे? हात कातड्याचा झाला माह्या." तो हसला. "मी बैलाकडे पाहू, कपाशीच्या तासाकडे पाहू, का हाताकडे पाहू? चिंधी आहे मणून हात आपसूक तिथंच पडते. गाठ लागली का समजते, बरोबर धरलं."

मी पाण्याची बाटली तशीच हातात धरून उभी राहिले.

हाताचा पत्ता लागत नाही. माणूस जे म्हणत होता ते अगदी सरळ होतं. पकड सुटत नव्हती त्याची. मारताना नजर बॉलवर असते, मागच्या हाताकडं कुणी बघत नाही. तुमचा-माझा हात कुठं आहे ते हातच सांगतो. त्याचा सांगत नव्हता. कधी दोन बोटं पुढं, कधी दोन बोटं मागं पडायचा, आणि बॉल गेल्यावर कळायचं. आणि मी काय करत होते? लाकूड कुठं संपलं ते हाताला कळू नये, यासाठी जीव तोडत होते.

धुऱ्यावरूनच फोन लावला.

"भोजराजभाऊ, तुम्ही त्या दिवशी चिंधी म्हणलं, थे डवऱ्याची का?"

"मंग?" ते गोंधळले. "अजून कोनती? बाबा बांधत आमचे रुमण्याले. तुमाले काय वाटलं?"

"मले वाटलं, तुम्ही माह्या कामाले चिंधी म्हणून राह्यले."

ते जे हसायला लागले, ते थांबेचनात. मागून सुनंदाताईंचा आवाज आला, "काय झालं, काऊन हासता?" मलाही हसू आवरेना. प्रकाश बैलांशेजारी उभा राहून माझ्याकडं बघत होता, बहीण शहाणी आहे ना, अशा नजरेनं.

"उद्या या," मी म्हणलं. "आन् येतानी तुमचा जुना दुपट्टा आणजा."

आमच्या भागात उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही. धुऊन धुऊन तो इतका मऊ होतो की बाजारात तसं कापड मिळायचं नाही. भोजराजभाऊंनी आणला. मी त्याची लांब पट्टी फाडली. लिनन सोललं. खाच आधीच पाडलेली होती, म्हणून पट्टीचे इतके थर दिले की ती लाकडाच्या वर उठून आली. कडा हाताला लागायला हवी होती. लेथवर तो उंचवटा फिरताना बघून माझा हात दांडीकडं जायचा, दाबून सपाट करायला. सवय वाईट असते. दांडी उचलून कपाटात ठेवली.

राहिली गाठ. ती कुठं मारायची, हे मी ठरवू शकत नव्हते. त्यांना म्हणलं, वाका, बॉलवर नजर लावा, हाताकडं बघू नका. ते वाकले. मी त्यांच्या मागं उभी राहून गाठ सरकवत होते.

"इथं?"

"थोडी मांगं."

"आता?"

"अजून जराशी. अंगठ्याखाली येऊ द्या."

अंगठ्याखाली म्हणजे जागी असलेल्या जागेखाली. गाठ बसली तशी त्यांची मान हलली, हो म्हणून. मी तिथंच टाके घातले, गोंद लावला, वाळायला ठेवलं. तोवर चहा झाला. नव्या रॅपबद्दल ते काही बोलले नाहीत. जिनिंगच्या मोटारी किती जुन्या आहेत, त्याबद्दल मात्र भरपूर बोलले.

मग खेळले. पहिला बॉल पॉकेटच्या तोंडाला लागून परत आला. दुसरा गेला. त्यांनी परत हात उचलला, क्यूच्या टोकाला खडू लावला, नजर बॉलवर ठेवूनच हात मागं नेला. हात बटवरून सरकला, कडेला लागला, गाठीवर येऊन थांबला. तिसरा गेला. चौथा गेला. मी काही मोजत बसले नाही, पण त्या दुपारी दुसरं कुठलंही काम झालं नाही. क्यू पुसून घेऊन ते गेले, तेव्हा उजव्या हातात होता.

सलीमभाईंनी नाव दिलं. सामन्याच्या दिवशी सुनंदाताईंनी मला ओढूनच हिंगणघाटला नेलं. पार्लर भरलेलं. क्यू बघून काही पोरं हसली, एवढ्या सुंदर लाकडाला हे काय फडकं बांधलंय म्हणून. भोजराजभाऊंनी लक्ष दिलं नाही.

आता ते जिंकले असं लिहायला मला आवडलं असतं. पण पहिला सामना जिंकले आणि दुसरा हरले. हरले तेही शेवटच्या काळ्या बॉलवर, आणि तो बॉल भोजराजभाऊंनी चुकवला. सोपा होता. मलासुद्धा कळत होतं सोपा आहे म्हणून. सुनंदाताईंनी माझं मनगट पकडलं.

सलीमभाई जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "क्या हुआ यार? हाथ को कुछ..."

"हाताले काई नाई झालं!" भोजराजभाऊ इतक्या जोरात ओरडले की सगळं पार्लर वळलं. "हात बरोबर होता रे! अँगल चुकला माह्या! डोस्कं चुकलं!" आणि त्यांनी उजवा हात आपल्याच कपाळावर हाणला.

"हरले बाप्पा," सुनंदाताई म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. मीही त्यांच्याच पदराला डोळे पुसले, लाज कसली.

माझ्या दुकानात भिंतीवर एक फळी आहे. रबर, लेदर, लिनन, सगळ्या रॅपचे नमुने तिच्यावर लावलेत. शेवटी उरलेल्या दुपट्ट्याचा एक तुकडा लावलाय, गाठ मारून. गिऱ्हाईक विचारतात, हा कोणता प्रकार. नाव सांगितलं की हसतात. हसू देत. एक शिकले मात्र. आता कुणी माझ्या कामाला चिंधी म्हटलं, तर भांडायच्या आधी विचारून घेते, कोणती?