सप्लायची दहा वाक्यं

मी अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करते. दिवसभर पुरवठादारांशी बोलणं, काय आलं, काय राहिलं, कोणाला आठवण करायची, याच्या याद्या करणं हेच माझं काम. त्यामुळे आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या ताईंनी एक दिवस मला विचारलं, "मॅडम, सप्लायवालं इंग्रजी शिकवाल का मला?" तेव्हा मला फार आनंद झाला. हा तर माझ्या हातचा मळ होता.

ताई मखमलाबादकडच्या. दीड एकरात झेंडू आणि शेवंती. थोडी फुलं कोपऱ्यावर विकायच्या, बाकीची एका दलालामार्फत त्र्यंबक रोडवरच्या हॉटेलात जायची. दलाल त्यांना सोबत न्यायचा, पण हॉटेलच्या खरेदीच्या साहेबाशी इंग्रजीत बोलायचा आणि बाहेर आल्यावर दर सांगायचा.

"मी बाजूला उभी. फुलं माझी, आन् मीच मुकी," ताई म्हणाल्या. "लय नाय शिकायचं मला. त्या साहेबाशी माझं मला बोलता आलं म्हंजे झालं."

साहेबाला हिंदी येत असणार, आणि बाजारापुरती हिंदी ताईंनाही येत होती. हे मला तेव्हाच सुचलं होतं. मी बोलले नाही. मला शिकवायचं होतं.

मी वहीच्या पानावर देवनागरीत दहा वाक्यं लिहून दिली. आय सप्लाय मॅरिगोल्ड. वी सप्लाय डेली. आय कॅन सप्लाय मोअर इन दसरा सीझन. रोज सकाळी सव्वासातला, पूजेची फुलं घेताना, दहा मिनिटं सराव. चुकलं की मी पेनाने फुली मारायचे.

ताईंनी चार दिवसांत स्वतःची वाक्यं सुरू केली. "माय म्हैस सप्लाय मिल्क."

"बफेलो. आणि सप्लाईज."

"माय सासू सप्लाय टेन्शन."

"सप्लाईज!"

"ती एकटी नाय ना देत मॅडम, नणंदा पण हायेत. मग सप्लायच." शेजारचा नारळवाला इतका हसला की त्याच्या हातातला नारळ खाली पडला. मी मात्र फुली मारलीच.

महिन्याभराने मी रजा टाकून त्यांच्याबरोबर हॉटेलात गेले. त्यांनी धीरासाठी बोलावलं होतं. "तुमी नुसत्या बसा," असं स्पष्ट सांगितलं होतं.

साहेब चांगला माणूस होता. त्याने ताईंना बसायला सांगितलं. ताईंनी पिशवीतून झेंडू काढून टेबलावर ठेवला आणि सुरुवात केली. "सर, आय ॲम सप्लाय झेंडू. डेली. फ्रेश. मॉर्निंग फाइव्ह कटिंग, सेव्हन हिअर." साहेब मान डोलवत होता. त्याने एक फूल उचलून देठ पाहिला. त्याला सगळं कळत होतं.

मी म्हणाले, "आय सप्लाय."

हळूच म्हणाले, पण खोली लहान होती. ताई थांबल्या. माझ्याकडे पाहून त्यांनी "आय सप्लाय" म्हटलं आणि पुढचं काहीच त्यांना आठवेना. साहेबाने पावसाळ्याबद्दल विचारलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी बोलायला लागले, आणि थांबलेच नाही. माल किती, कधी, गाडी कोणती, बदली फुलं मिळतील का. साहेबाने वही काढली आणि माझा नंबर लिहून घेतला. ताई टेबलावरच्या पाकळ्या गोळा करत होत्या.

रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "झालं ना काम." मी त्याला आभार समजले.

त्यानंतर रोज चार वाजता साहेबाचा फोन मला यायचा. उद्या किती किलो, हार किती. मी ते लिहून घ्यायचे आणि ताईंना कळवायचे. फुलांसाठी वेगळी वही केली होती, वर छान पांढरं कव्हर घातलं होतं. ताईंनी दोनदा सांगितलं, "मॅडम, त्यांना माझा नंबर द्या ना आता." मी दोन्ही वेळा म्हणाले, थोडी तयारी होऊ द्या. खरं सांगायचं तर चार वाजता फोन वाजला की मला बरं वाटायचं. कारखान्यात मी रोज पुरवठादारांच्या मागे लागते. इथे कोणीतरी माझ्या मागे लागत होतं.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. साहेबाला दुसऱ्या दिवशी चाळीस किलो झेंडू हवा होता. मी बाहेर येऊन "हो, होईल" म्हणाले आणि परत आत गेले. ताईंना संध्याकाळी कळवलं.

त्या म्हणाल्या, "माझ्याकडं पंचवीस हाय. त्यातला बारा गावातल्या देवळाला आन् कोपऱ्यावरच्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलेला."

"मग दुसऱ्या शेतातून आणता येईल ना?"

"पाडव्याला कोण देतंय मॅडम?"

त्यांनी देवळाला आणि गिऱ्हाइकांना नकार कळवला. पंधरा वर्षं त्या देवळाच्या गुढीचा हार त्यांच्या घरून जात होता. हॉटेलला अर्धवट उमललेली फुलं घालून कसेबसे तीस किलो गेले.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावर गेले. माफी मागायचं ठरवून गेले होते, पण आधी त्याच बोलल्या. आवाज चढवला नाही, हातातला हार ओवत राहिल्या.

"मॅडम, आधीचा दलाल निदान विचारायचा तरी, माल हाय का म्हणून."

नारळवाला दुसरीकडे बघायला लागला. मी घरी आले आणि साहेबाला फोन लावला. हिंदीत सांगितलं की यापुढे ताईंशीच बोला, हा त्यांचा नंबर. हिंदी चालेल.

"ठीक है," तो म्हणाला. "पर मॅडम, खेत तो आपका है ना? वो आपके यहाँ काम करती है, यही समझा था मैं."

मी म्हणाले, शेत त्यांचं आहे. फुलंही त्यांचीच. "मी फक्त..." एवढं म्हणाले आणि पुढचा शब्द मला सापडला नाही. त्यानेही विचारलं नाही. म्हणाला, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, त्या बाई चांगल्या बोलत होत्या.

संध्याकाळी ताईंना नंबर दिल्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा लगेच मोकळा झाला. हातातली सुई खाली ठेवून त्यांनी विचारलं, "काय म्हणला साहेब?"

"काही नाही," मी म्हणाले. "ठीक आहे म्हणाला."