आगबोटीच्या तिथीचा अळणी भात

नमस्कार मंडळी. भुताखेतांवर माझा आधीही विश्वास नव्हता, आताही नाही... पण गेल्या आषाढात आमच्या बंगळुरातल्या, बनशंकरीच्या घरी जे झालं, ते कुठेतरी लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझे आजेसासरे कोकणात बुडालेल्या एका आगबोटीतून वाचलेले. एकाच फळीच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला कुणी अनोळखी माणूस. पहाटे त्याचा हात सुटला. आजोबांना कोळ्यांनी ओढून काढलं. पुन्हा समुद्र दिसायला नको म्हणून ते थेट बंगळुरात येऊन राहिले. दरवर्षी त्या तिथीला घरात सगळं अळणी शिजतं. आजोबा आधी हकिकत सांगायचे, मग स्वतःच्या हाताने प्रत्येकाच्या ताटात मीठ वाढायचे आणि मगच पहिला घास. लग्न झाल्यापासून मी ती ऐकत आले, फोनवर रेकॉर्ड केली, अगदी पाठ केली.

ते गेल्यानंतरची ही पहिलीच तिथी. सांगायचा मान माझा, हे मी धरूनच चालले होते. धाकटी जाऊ घरात नवीन, निपाणीची. इंदिरानगरच्या ऑफिसातून धावतपळत आली. तिनं आजोबांना पाहिलेलंसुद्धा नाही. तरी सगळ्यांची लाडकी! खरं सांगते, मला ते बघवत नाही.

मी हकिकत सांगितली, एक शब्द न चुकता. मिठाची वाटी उचलली, तर ही विचारते, "अक्का, त्या दुसऱ्या माणसाचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. आणि रीत विसरून, मीठ वाढायच्या आधीच तिनं घास घेतला.

"भात स्वल्प खारट झालाय, अक्का."

माझं डोकंच फिरलं. भात मी शिजवला होता, चिमूटभरही मीठ न घालता. तिच्या ताटातला घास उचलून तोंडात टाकला... घशाला झोंबेल इतका खारट! माझ्या ताटातला, पातेल्यातला, बाकी सगळा अळणी.

सासूबाईंनीही चाखला. मग माझ्या हातातली वाटी काढून घेऊन त्यांनी तिच्या हातात दिली.

"पुढच्या वर्षीपासून तू सांग."

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. भीती वाटली का म्हणाल, तर नाही. जळफळाट झाला — अजून होतो. तिनं एकदाच ऐकलं. इतकी वर्षं तुमच्यासमोर बसून ऐकलं ते मी, आजोबा... मग माझ्या ताटात एक कणसुद्धा का नाही?